जुन्या फियाटचा हॉर्न वाजत नाही? स्टिअरिंग सगळ्यात शेवटी उघडा

हॉर्न बंद पडला की पहिला हात जातो स्टिअरिंगच्या मधल्या बटणावर. आधी हळू दाबायचं, मग जोरात, मग एक बुक्की. तेवढ्यावर नाही भागलं की स्क्रूड्रायव्हर घालून बटणाची टोपी उचकटायची, आणि टोपीखालची स्प्रिंग टुणकन उडून सीटखाली. पुढचा अर्धा तास ती शोधण्यात जातो. इकडे दोष असतो बॉनेटखाली एका गंजलेल्या टर्मिनलवर, जिथे कोणी ढुंकूनही बघितलेलं नसतं.

मुंबईत अजून कितीतरी घरांत आजोबांची पद्मिनी (म्हणजेच आपली जुनी फियाट), एखादी अ‍ॅम्बॅसॅडर किंवा बीटल जिवापाड जपलेली आहे. पद्मिनी तर इथलीच, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली. टॅक्सी म्हणून तिचे दिवस सरले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्या मात्र चालू आहेत. त्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओच्या तपासणीला उभं राहावं लागतं. तिथे रंग कितीही चकचकीत असो, हॉर्न वाजायलाच हवा.

हॉर्नचं सर्किट तसं गाडीतल्या सोप्या सर्किटांपैकी एक. एक फ्यूज, एक हॉर्न, एक बटण, दोन-तीन वायरी. तरी ते भल्याभल्यांना फिरवतं, कारण बटणाबद्दल आपली समजूतच उलटी असते. घरात दिव्याचा स्विच फेजवर असतो: स्विच बंद, तर दिव्यापर्यंत वीज पोचतच नाही. जुन्या गाडीच्या हॉर्नचं बहुधा याच्या बरोबर उलट असतं.

बॅटरीच्या प्लसवरून निघालेली वायर फ्यूजमधून थेट हॉर्नपर्यंत जाते. हॉर्नच्या दारात करंट सतत उभा असतो, बऱ्याच गाड्यांत चावी काढून खिशात टाकली तरीही. हॉर्नच्या दुसऱ्या टोकाची वायर मागे वळून स्टिअरिंग कॉलमकडे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या स्थिर नळीकडे, येते. कॉलमच्या वरच्या टोकाशी, स्टिअरिंगच्या पाठीमागे, एक पितळी किंवा तांब्याची गोल रिंग असते आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबून धरलेला एक छोटा ब्रश. गॅरेजात त्याला सरसकट ‘कार्बन’ म्हणतात, मग तो पितळेचा का असेना. स्टिअरिंग फिरतं, कॉलम जागच्या जागी राहतो, आणि ही रिंग-ब्रशची जोडी फिरत्या भागाला स्थिर वायरीशी जोडून ठेवते. रिंगपासून पुढे बटण. बटण दाबलं की ती वायर स्टिअरिंगच्या लोखंडी दांड्याला टेकते. दांडा बॉडीला लागलेला, बॉडी बॅटरीच्या मायनसला. सर्किट पूर्ण झालं, हॉर्न वाजला.

थोडक्यात, बटण हॉर्नला करंट देत नाही, त्याला परतीची वाट मोकळी करून देतं. त्या वाटेला आपल्याकडे सगळे ‘अर्थिंग’ म्हणतात. गाडी बनवणाऱ्यांनी असं का केलं? फिरत्या चाकात दोन वायरी नेण्यापेक्षा एक नेणं सोपं, दुसऱ्या वायरीचं काम दांडा फुकटात करतो. शिवाय कॉलमच्या आत वायर घासून उघडी पडली आणि लोखंडाला लागली, तर आग लागत नाही, नुसता हॉर्न बोंबलत सुटतो. वैताग येतो, पण गाडी जळत नाही.

यातून एक फार कामाची गोष्ट हाती लागते. हॉर्नच्या अलीकडची वायर, म्हणजे बॅटरीकडची, बॉडीला लागली तर फ्यूज उडतो. हॉर्नच्या पलीकडची वायर, म्हणजे बटणाकडची, बॉडीला लागली तर हॉर्न आपोआप वाजत राहतो. तेव्हा नवा फ्यूज टाकताक्षणी उडत असेल तर स्टिअरिंगला हातही लावू नका. दोष पुढे आहे: हॉर्नकडे येणाऱ्या वायरीत किंवा हॉर्नच्याच पोटात. आणि हॉर्न थांबतच नसेल तर फ्यूजबॉक्सशी खेळण्यात अर्थ नाही.

सगळ्या गाड्या अशाच असतात असं नाही. काहींत बटण खरोखरच करंट पुरवतं. आपली गाडी कोणत्या जातीची हे ओळखायला हॉर्नच्या पाठीमागे बघा. एकच टर्मिनल असेल तर तो हॉर्न आपल्या पट्टीतूनच बॉडीला अर्थ झालेला आहे. त्याला अर्थची वाट बटणातून मिळत नाही, म्हणजे एक तर मध्ये रिले (करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच, त्याबद्दल पुढे) आहे किंवा बटण करंट पुरवतंय. दोन टर्मिनल असतील आणि दोन्हींना वायरी असतील, तर वर सांगितलेली सरळ रचना असण्याची शक्यता जास्त. आणखी एक: काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे प्लस-मायनसची नावं उलटी होतात, वाट तीच राहते. काही फारच जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असतात, त्यांना बल्बही सहा व्होल्टचाच लावा.

वायरींच्या रंगांवर फार विसंबू नका. ब्रिटिश पद्धतीत हॉर्नची वायर जांभळी आणि बटणाकडे जाणारी जांभळी-काळी, हे पुस्तकात ठीक. चाळीस-पन्नास वर्षांत चार हातांखालून गेलेल्या गाडीत, ज्या दिवशी दुकानात जो रंग होता तो लागलेला असतो. एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला पिवळी अशी एकच वायर निघाली तर दचकू नका, मध्ये कुठेतरी टेपची गाठ आहे एवढं समजा.

हत्यारं मोजकीच लागतात. बारा व्होल्ट पाच वॅटचा बल्ब, त्याला एका बाजूने क्लिप आणि दुसऱ्या बाजूने टोकदार सळई, म्हणजे टेस्ट लॅम्प. लॅमिंग्टन रोडवर मिळतो तसला साधा मल्टिमीटर. दोन्ही टोकांना मगर-क्लिपा लावलेली हातभर वायर. बारीक पॉलिश पेपर. आणि बटण दाबायला घरातलं कोणीतरी, शक्यतो न कंटाळणारं. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. बॅटरीच्या करंटने झटका बसत नाही, पण प्लस आणि बॉडीच्या मध्ये अंगठी सापडली तर ती लालबुंद होते.

आता बॉनेट उघडून हॉर्नपाशी या. दोन टर्मिनलचा, रिले नसलेला हॉर्न धरून बोलतो. टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा. रंगावर लावू नका, रंग वीज जाऊ देत नाही. बटण न दाबता सळई पहिल्या टर्मिनलवर टेकवा: दिवा लागायला हवा. मग दुसऱ्यावर टेकवा: इथेही लागायला हवा, कारण हॉर्नच्या आतल्या गुंडाळीतून करंट पलीकडे पोचलेला असतो, त्याला फक्त वाट मिळालेली नसते. आता आत बसलेल्याला बटण दाबायला सांगा. दुसऱ्या टर्मिनलवरचा दिवा विझायला हवा.

एवढ्या एका बल्बने निम्मं कोडं सुटतं. पहिल्या टर्मिनलवरच अंधार असेल तर करंट येतच नाही: फ्यूज, फ्यूजच्या गंजलेल्या चिमट्या किंवा मधली वायर. पहिल्यावर उजेड आणि दुसऱ्यावर अंधार, तर हॉर्न आतून तुटलेला आहे, बहुधा आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेत. दोन्हीकडे उजेड आहे पण बटण दाबलं तरी दुसरा विझत नाही, तर हॉर्नपर्यंत सगळं ठीक आहे. परतीची वाट अडलेली आहे, म्हणजे आता कॉलमकडे जायचं. आणि बटण दाबल्यावर दिवा विझतो तरी आवाज नाही? मग दोन्ही टर्मिनलच्या मध्ये मीटर लावून बटण दाबा. तिथे बारा व्होल्टच्या आसपास मिळत असताना हॉर्न गप्प असेल तर हॉर्नच मेलाय, वायरिंगला दोष देऊ नका.

मीटर आहे तर बल्बची झंझट कशाला, असं वाटतं खरं. आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या फियाटवर हा वाद झाला.

“मीटर बारा पॉइंट चार दाखवतोय रे. करंट आहे ना मग?”

“काका, दिवा लावून बघा.”

दिवा लागला नाही. वायर वरून धडधाकट होती. फ्यूजबॉक्सपासून वीतभर अंतरावरचा गोळीसारखा जोड ओढून काढला तर आत हिरवट भुकटी, तांब्याचं नाव फक्त एका बाजूला चिकटलेलं. त्यातून इतका करंट जात होता की मीटरला आकडा दाखवता येईल आणि दुसरं काही करता येणार नाही. डिजिटल मीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट मागत नाही, म्हणून गंजलेल्या जोडापलीकडेही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. साधा हॉर्न चार-पाच अँपिअर मागतो. ढोबळ हिशेब करू: चार अँपिअर घेणारा हॉर्न म्हणजे तीन ओहमचा भार. वाटेत गंजामुळे दोन ओहमचा अडथळा आला, तर एकूण पाच. करंट उरला २.४ अँपिअर आणि हॉर्नच्या वाट्याला बारापैकी सातच व्होल्ट. हॉर्न घोगरा होतो किंवा नुसता ‘टक्’ करतो. बटण न दाबता मोजलं तर मीटर मात्र तिथे बाराच दाखवणार.

इतका लहान अडथळा पाच वॅटच्या बल्बलाही फारसा जाणवत नाही. म्हणून आवाज येतो पण मरतुकडा, अशा वेळी मीटर हॉर्न वाजत असताना लावायचा. एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी हॉर्नच्या पहिल्या टर्मिनलवर, आणि बटण दाबून ठेवायचं. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवलेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून द्या, एक-दोन व्होल्ट असतील तर त्याच वाटेवरचे जोड एकेक करून उघडा. मग दुसरी बाजू: एक काडी हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलवर, एक बॅटरीच्या मायनसवर. इथे जास्त आकडा आला तर बटण, रिंग आणि कॉलमची बाजू खराब. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे मोजमाप दर पावसाळ्यानंतर करण्याजोगं आहे, विशेषतः गाडी वरळी, दादर, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागात उघड्यावर उभी राहत असेल तर.

दोन्ही बाजू ठीक असूनही आवाज फाटका असेल, तर हॉर्नच्या पाठीमागचा ॲडजस्टमेंटचा स्क्रू बघा. पाव-पाव फेरा फिरवून आवाज ऐकायचा. मधल्या, दोन्ही कवच आवळणाऱ्या नटाला हात लावू नका, त्याने आवाज जातो तो जातोच. भोंग्याच्या आकाराचा हॉर्न असेल तर त्याचं तोंड खाली झुकलेलं ठेवा. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून एकदा गाडी काढली आणि तोंड वर असेल तर आत तळं साठतं.

परतीची वाट अडली आहे हे नक्की झालं, तरी अजून स्टिअरिंग उघडायचं नाही. हातभर वायर घ्या, एक क्लिप स्वच्छ बॉडीला, दुसरी हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. हॉर्न कडकडून वाजेल. (कान जरा लांब ठेवा.) आता डॅशबोर्डखाली वाका. कॉलमच्या बुडाशी, जिथे कॉलममधून आलेली वायर गाडीच्या मुख्य वायरिंगला मिळते, तिथे एक जोड असतो. तो सोडवा आणि मुख्य वायरिंगकडचं टोक बॉडीला टेकवा. वाजला, तर बॉनेटपासून इथपर्यंतची वायर चांगली आहे आणि दोष आता कॉलमच्या हातभर लांबीत कोंडला गेला. नाही वाजला, तर इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून वायर जिथे जाते तिथे बघा. त्या भोकातलं रबर वाळून पडलेलं असतं आणि पत्र्याची कड वायर कापत बसते.

मध्ये रिले असेल तर आणखी एक पायरी वाढते. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. बटण फक्त रिलेच्या गुंडाळीला अर्थ देतं, हॉर्नचा जड करंट रिलेच्या कॉन्टॅक्टमधून जातो. आधुनिक रिलेवर आकडे असतात: ३० वर बॅटरी, ८७ वरून हॉर्न, आणि ८५-८६ ही गुंडाळीची दोन टोकं. जुन्या काहींवर बी, एच, एस अशी अक्षरं असतात: बॅटरी, हॉर्न, स्विच. बटण दाबल्यावर रिले ‘टक्’ करतो पण हॉर्न वाजत नाही, तर बटण आणि कॉलम दोन्ही सुटले. दोष रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये, हॉर्नमध्ये किंवा हॉर्नच्या बॉडी-अर्थमध्ये. डेंटिंग-पेंटिंगनंतर हॉर्न मुका झालेला असेल तर रिले बदलण्याआधी हॉर्नची पट्टी सोडून बघा. पेंटरने पट्टीखालच्या लोखंडावरही जाड थर चढवलेला असतो, आणि एका टर्मिनलच्या हॉर्नला तोच थर परतीची वाट बंद करतो. ‘टक्’ सुद्धा येत नसेल, तर स्विचचं टर्मिनल वायरीने बॉडीला टेकवा. आता टक् आला तर पुन्हा कॉलमकडे वळायचं.

आता स्टिअरिंग. पण त्याच्याही आधी एक तपासणी, जी बहुतेक जण गाळतात. बटण दांड्याला अर्थ देतं हे खरं, पण दांडा स्वतः बॉडीला नीट लागलेला आहे का? दांडा बेअरिंगमध्ये आणि ग्रीसमध्ये तरंगत असतो. वरच्या टोकाला नायलॉनचा बुश असेल तर तिथून वीज जात नाही. काही गाड्यांत दांडा आणि स्टिअरिंग बॉक्सच्या मध्ये रबराचा जोड असतो, तो वीज पूर्णच अडवतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये तो रबरी जोड ओलांडायला एक छोटी वायर दिलेली असते. रबर बदलताना ती परत लावायची राहून जाते, आणि मालक बटण बदलत बसतो. तपासायला टोपी काढून मधल्या नटावर क्लिप लावा, वायरीचं दुसरं टोक बॉडीला, आणि बटण दाबा. हॉर्न वाजला तर बटण, ब्रश, रिंग सगळं निर्दोष. दांड्याला अर्थ मिळत नाही. कॉलमच्या खालच्या बाजूला विणलेल्या तांब्याची पट्टी लावून हे सुटतं, पण ती अशी बांधा की स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं तरी ती कुठे गुंडाळली जाणार नाही किंवा अडकणार नाही. हॉर्न नसला तरी गाडी घरी आणता येते. स्टिअरिंग अडकलं तर काय होईल ते सांगायला नको.

एवढं करूनही बोट रिंगकडेच जात असेल, तर उघडा. पहिलं काम बॅटरीचं बॉडीकडचं टर्मिनल काढणं. मग पुढची चाकं सरळ करा. टोपी काही गाड्यांत दाबून फिरवून निघते, काहींत पाठीमागून स्क्रू असतात, काहींत नुसती चेपून बसवलेली असते. तिच्यावर तळहात ठेवून सावकाश काढा, स्प्रिंग तळहातातच राहते. खाली काय काय निघतं त्याचा प्रत्येक थराला मोबाइलवर फोटो काढा: स्प्रिंग, पितळी पत्रा, फायबर किंवा बॅकेलाइटची वॉशर, पुन्हा पत्रा. त्यांचा क्रम महत्त्वाचा. इन्सुलेटिंग वॉशर चुकीच्या जागी बसली तर हॉर्न कधीच वाजत नाही किंवा कधीच थांबत नाही.

नट सैल करण्याआधी दांड्यावर आणि स्टिअरिंगवर रंगाची एक सरळ रेघ मारा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे चाक सुटलं तर नाकावर येणार नाही. पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावून ओढा. दांड्याच्या टोकावर हातोडा मारणारे महाभाग असतात. त्याने आटे फाटतात, बेअरिंग दबतं आणि दोनशे रुपयांच्या कामाला कॉलमचा खर्च जोडला जातो.

स्टिअरिंग निघालं की पाठीमागची रिंग उजेडात धरा. तिच्यावर काळं, जाडसर, चिकट काहीतरी दिसेल. हा जुना ग्रीस, पितळेची झिज आणि मुंबईची धूळ यांचा लेप. त्यातून कधी करंट जातो, कधी नाही, म्हणून हॉर्न ‘मूडमध्ये असेल तेव्हा’ वाजतो. रिंगवर एके ठिकाणी चर पडलेला असेल तर तोही बघा: गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून ब्रश रिंगच्या त्याच जागी घासत राहतो. सरळ रस्त्यावर हॉर्न गप्प आणि वळताना वाजतो, या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा या चरात असतं. उलट, वळताना आपोआप वाजत असेल तर रिंग सोडा आणि वायर बघा. इंडिकेटर परत आणणारी कॅम तिथेच फिरते आणि सैल वायरीला घासून तिचं इन्सुलेशन खाते.

रिंग आधी पेट्रोलने ओल्या कापडाने पुसा, बॅटरी सुटलेली असताना आणि मोकळ्या हवेत. मग बारीक पॉलिश पेपर, चारशे नंबर किंवा त्याहून बारीक. जाडसर पेपर ओरखडे काढतो आणि नवा ब्रश महिन्याभरात खातो. ब्रश बोटाने दाबून बघा, तो लगेच वर उसळला पाहिजे. झिजून बुटका झाला असेल किंवा स्प्रिंग मेली असेल तर बदला. मूळ पार्ट मिळाला नाही तर ऑपेरा हाऊसच्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या दुकानांत जुना ब्रश हातात घेऊन जा, नाव सांगून उपयोग नाही. बॅकेलाइटची वॉशर तडकलेली असेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे मिळणाऱ्या लेदरॉइड कागदाची कापून घेता येते. दुधाच्या पिशवीच्या किंवा बाटलीच्या प्लास्टिकची वॉशरही निघालेली पाहिली आहे. ती उन्हाळ्यापर्यंत टिकते. बंद गाडीच्या उन्हात डॅशबोर्ड तापला की मऊ पडते आणि मग दुपारी, पार्किंगमध्ये, गाडीत कोणी नसताना हॉर्न सुरू होतो.

बसवताना रिंगवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात पुरे. चेसिसचा ग्रीस थापला की तोच काळा लेप परत तयार होणार.

हॉर्न अचानक सुरू होऊन थांबतच नाही, तेव्हा मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवा. बॉनेट उघडून हॉर्नची एक वायर ओढा. हॉर्नची गुंडाळी सतत वाजण्यासाठी बनलेली नसते, काही मिनिटांत ती जळते. शांतता झाली की कॉलमच्या बुडाचा जोड सोडवा आणि वायर परत लावून बघा. आता गप्प राहिला तर दोष कॉलममध्ये: तडकलेली वॉशर, मेलेली स्प्रिंग, घासलेली वायर, किंवा पुढच्या काचेच्या रबरातून गळून कॉलमवर उतरलेलं पावसाचं पाणी. अजूनही वाजत असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा इंजिनच्या बाजूला वायर बॉडीला लागली आहे. रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एक टिचकी मारा. थांबला तर रिले बदला, टिचकीवर दिवस काढू नका.

ज्यांनी मूळ हॉर्न काढून मोठ्या आवाजाची जोडी बसवली आहे आणि रिले लावलेला नाही, त्यांची रिंग पुन्हा पुन्हा जळणार. अशी जोडी आठ-दहा अँपिअर मागते आणि तो सगळा करंट त्या इवल्या ब्रशमधून जातो. रिले लावला की ब्रशवर अँपिअरच्या पाचव्या हिश्शाइतकाच भार राहतो. बॅटरीपासून रिलेच्या ३० ला पंधरा अँपिअरचा फ्यूज घालून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून हॉर्नला तशीच वायर. हॉर्नची दुसरी टोकं आता बटणाकडे न नेता थेट स्वच्छ बॉडीला. ८६ ला जुनी हॉर्नची करंटची वायर, ८५ ला बटणाकडे जाणारी जुनी वायर. कॉलमच्या आत काहीही बदलावं लागत नाही. मात्र सुरावटी वाजवणारा किंवा कर्कश हॉर्न लावू नका, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९व्या नियमात त्याला मनाई आहे.

सगळं बसवून झालं की रेघ जुळवून नट आवळा, बॅटरी जोडा, आणि गाडी सुरू करून हेडलाइट लावलेले असताना हॉर्न तपासा, कारण तेव्हा वायरिंगवर खरा भार असतो. मग स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत फिरवत मध्ये चार-पाच ठिकाणी बटण दाबा, इंडिकेटर दोन्ही बाजूंना देऊन तो आपोआप परत येतो का बघा. एखाद्या कोनात आवाज तुटला तर ब्रश रिंगवर तिरका बसलाय. टोपी दाबून बसवण्याआधीच ते सरळ करून घ्या.